आबांची चिमूट

"बोट बुडव, आन् सांग."

आबांनी किटली माझ्यापुढं धरली. मी तेलात बोट बुडवलं, अंगठ्याला लावलं आणि चोळलं. समोरच्या स्टुलावर थत्तेबाई छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. त्यांची डुक्कर फियाट बॉनेट उघडं टाकून शेडमध्ये उभी होती. जुनं तेल मी सकाळीच काढून टाकलं होतं, आता नवं घालायचं तेवढं राहिलं होतं.

"काय म्हनतीया चिमूट?" आबांनी विचारलं.

चिमटीतलं तेल पातळ होतं. चोळलं की लगेच निसटणारं, नव्या मारुतीला घालायचं. थत्तेबाईंच्या म्हाताऱ्या इंजिनाला लागायचं ते दुसऱ्या किटलीतलं, जाड. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"जाड," मी म्हटलं. "हेच घाला."

मी खोटं बोलले. चुकून नाही, चांगलं ठरवून. मला वाटलं होतं आबा बोट बुडवतील, भडकतील, बाईंच्या समोर माझी खरडपट्टी काढतील. मग मीही तोंड उघडणार होते. 'कळत नाही ना मला काही? मग तुमच्या हणमंतालाच विचारा,' असं म्हणून चिंधी फेकून निघून जायचं, इथपर्यंत मनात घोकून ठेवलं होतं.

आबांनी बोट बुडवलं. अंगठ्याला लावलं, नेहमीसारखे डोळे बारीक केले.

"बरोबर," ते म्हणाले.

आणि त्यांनी किटली उचलली.

आमचं गॅरेज वाईत बावधन नाक्याजवळ. गॅरेज कसलं, पत्र्याची शेड. पण माझ्या वडिलांचं, तात्याबा लोहार मिस्त्रींचं नाव पार फलटणपर्यंत होतं, आणि ते त्या चिमटीमुळं. आबा बॅरलमधलं तेल दोन सारख्या अल्युमिनियमच्या किटल्यांत काढून ठेवायचे, एकीत जाड, दुसरीत पातळ. कुठल्याही किटलीवर खूण नाही, अक्षर नाही. गाडी आली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तेल चिमटीत चोळून बघायचं, मगच घालायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा रिवाज. "लेबल वाचून तेल घालनारा त्यो दुकानदार, मेकॅनिक न्हवं," असं ते म्हणायचे. लोकांना ते बघायला आवडायचं. तेल बदलायचं नसलं तरी काही जण चिमूट बघायला थांबायचे.

मी बारावीनंतर शेडमध्येच रुळले. आई नव्हती, घरात एकटीनं बसून काय करणार? आधी प्लग पुसायचे, मग ब्रेक, मग कार्ब्युरेटर. चोविसाव्या वर्षी वाईतली अर्धी गिऱ्हाइकं मला नावानं ओळखत होती. गेलं वर्षभर तर आबा प्रत्येक वेळी आधी मला बोट बुडवायला लावायचे, मग स्वतः बघायचे आणि 'बरोबर' म्हणायचे. आधी कितीदा तरी 'चूक' म्हणायचे, टपली मारायचे. त्या वर्षभरात एकदाही 'चूक' नाही. मला वाटायचं, झाली की आपली परीक्षा पास! आता इंजिन देतील खोलायला.

आणि दोनच दिवस आधी पाचगणीच्या एका टॅक्सीवाल्याची जीप पूर्ण इंजिन खोलायला आली. मी रात्रीच पाने पुसून ठेवले होते. सकाळी बघते तर आबांनी भुईंजहून हणमंताला बोलावून घेतलेला. माझ्या वयाचा हणमंता! तो माझ्याच पान्यांनी इंजिन खोलत होता आणि आबा मला म्हणाले, "वैजू, चहा टाक गं दोन कप."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी म्हणून चहा, आणि परका पोरगा म्हणून इंजिन? चहा टाकला. रात्रभर मात्र धुमसत होते. म्हणून दुसऱ्या दिवशी ते खोटं.

तर आबांनी किटली उचलली आणि तेल ओतायला लागले. धार इंजिनात पडायला लागली तसा त्यांचा हात क्षणभर थांबला. मे महिना, पत्र्याखाली तापून दोन्ही तेलं सैल झालेली, तरी मुरलेल्या माणसाला धारेवरून फरक कळतोच. ते धारेकडं बघत राहिले, मग माझ्याकडं बघितलं. मी मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. आबांनी किटली तशीच तिरकी केली आणि सगळं तेल ओतून टाकलं.

"चला बाई," ते म्हणाले. "बिनघोर जावा."

"बिनघोर कशी जाऊ, मिस्त्री? पसरणी घाट चढायचाय," बाई उठत म्हणाल्या. पासष्ट ओलांडलेल्या, कन्याशाळेच्या माजी मुख्याध्यापिका. यजमानांच्या मागे ती गाडी स्वतः चालवायच्या. "माझ्या बहिणीला, कुसुमला, आज पाचगणीच्या दवाखान्यातून सोडतायत. दम्यानं बेजार झालीय, एस.टी.च्या गर्दीत कशी आणू तिला? चढताना मी एकटी, उतरताना सोबत ती. मध्येच दगा दिलान हिनं तर?"

"माज्या हातचं तेल हाय बाई. दगा न्हाई द्यायची," आबा म्हणाले. "आन् तेलाचा लाल दिवा लागला तर काय करायचं?"

"जागच्या जागी चावी बंद. पाठ आहे मला."

गाडी धूर सोडत नाक्यावरून वळली आणि मी तिच्याकडं बघत राहिले. ओरडावं असं वाटत होतं. ओरडले नाही.

नंतरचा अर्धा तास कसा गेला ते माझं मला माहीत. मी एकच स्पार्क प्लग तीनदा घासला. पाणी प्यायला गेले, न पिताच परत आले. सारखं घड्याळ बघत होते. मनात एकच विचार, आबा 'बरोबर' का म्हणाले? मला धडा शिकवायला? पण त्यासाठी ते बाईंना मरणाच्या घाटात पाठवतील? का जुन्या गाडीला पातळ तेलही चालतं आणि मलाच ठाऊक नाही? चालत असावं. आबा कधी चुकलेत का?

शेवटी राहवेना. जीपचं इंजिन सुरू करून हणमंता चहाला गेला होता, आबा बॉनेटवर वाकून आवाज ऐकत होते. मी जवळ गेले.

"आबा, थत्तेबाईंच्या गाडीला पातळ तेल चालतं का ओ?"

"पातळ?" ते मान वर न करता म्हणाले. "येडी का खुळी? बेरिंगा झिजल्यात तिच्या. पातळ घातलं तर घाटात तेलाचा दाब पार बसंल, इंजिन जाम हुईल. का गं?"

म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. पण ते तेल त्यांनी स्वतः चोळून बघितलं होतं!

तेवढ्यात वास आला. करपल्याचा. मी खाली बघितलं. आबांनी उजवा हात टेकला होता तो इंजिनाच्या शेजारच्या तापलेल्या सायलेन्सरच्या नळावर. दोन बोटं आणि अंगठा नळाला चिकटलेले, आणि आबा शांतपणे टॅपेटचा आवाज ऐकत होते.

"आबा, हात!"

मी त्यांचं मनगट धरून खेचलं. बोटांची कातडी पांढरी पडून सुटली होती. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग हाताकडं.

"कवा भाजलं गं?" ते म्हणाले.

चिंधी भिजवून त्यांच्या हातावर टाकली, जाड तेलाची किटली आणि घमेलं माझ्या एम-एटी दुचाकीच्या कॅरिअरवर ठेवलं, ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधलं, पान्यांची पिशवी गळ्यात अडकवली आणि किक मारली. "वैजू! कुठं निगालीस?" मागून आबांची हाक आली. थांबले असते तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ नव्हता.

घाटात त्या दिवशी मुंबईकरांची झुंबड. सुट्ट्या ना! एका एका वळणावर गाड्यांची रांग, उलट्या करायला उतरलेली माणसं, त्यात माझी एम-एटी धापा टाकतेय. किटलीच्या तोंडात कोंबलेल्या चिंधीतून तेल झिरपून माझ्या कुडत्याच्या पाठीला लागत होतं. प्रत्येक वळण घेताना वाटे, आता दिसेल. दरीच्या कठड्याकडं बघायची हिंमत होत नव्हती. बाईंना काही झालं तर? आणि नुसतं इंजिन जाम झालं तरी संध्याकाळपर्यंत वाईभर होईल, तात्याबाची चिमूट चुकली. तीस वर्षांचं नाव मी एका शब्दात मातीत घातलं असतं.

आणि या सगळ्यात मला आठवलं ते वर्षापूर्वीचं. एकदा जेवताना आबा सहज म्हणाले होते, "वैजू, येका किटलीला जरा लाल रंग लाव की." मी केवढी हसले होते! "का आबा, दुकानदार व्हायचंय का?" त्यांचंच वाक्य त्यांच्यावर फेकलं होतं. तेही हसले होते. रंगाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

अर्धा घाट चढल्यावर एका अवघड वळणाच्या वर फियाट दिसली. बॉनेट उघडं, मागच्या चाकाला दगड लावलेला. थत्तेबाई कठड्यावर छत्री उघडून ताठ बसल्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आलीस? बरं झालं," त्या म्हणाल्या. "लाल दिवा लागला. मी जागच्या जागी चावी बंद. मागे एस.टी.वाला बोंबलतोय, शिव्या देतोय, पण मी हलले नाही. शेवटी त्याच्याच चार प्रवाशांनी ढकलून कडेला घेतली. काय झालंय गं हिला?"

"काही नाही बाई. बघते."

इंजिन हातानं फिरवून बघितलं. मोकळं होतं. जाम झालं नव्हतं. आबांनी पाठ करून घेतलेल्या त्या एका वाक्यानं ते वाचवलं होतं. मी गाडीखाली शिरले, घमेलं सरकवलं आणि तळाचा नट सैल केला. गरम तेल भसकन हातावर आलं. असा चटका बसला की मी गाडीखालीच ओरडले. आणि ओरडता ओरडता रडायला लागले. मला चटका कळत होता. माझ्या आबांना कळत नव्हता, आणि मी वर्षभर समजत होते, हा माणूस माझी परीक्षा घेतोय.

"भाजलं का?" बाई वाकून बघत होत्या.

"जरासं."

पातळ तेल पूर्ण निथळू दिलं. नट आवळला. मग किटलीवरची चिंधी काढली, बोट बुडवलं, चोळलं. जाड. तरी पुन्हा एकदा चोळलं. तेल ओतलं, काडी बुडवून पातळी बघितली. बाईंनी चावी फिरवली. लाल दिवा लागला, आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर विझला. मी पाच मिनिटं कान लावून उभी होते. खडखड नाही, ठोका नाही.

"वैजयंता," बाई आतूनच म्हणाल्या. शाळेत हाक मारायच्या तशी, पूर्ण नावानं. "इकडे बघ. मिस्त्रींचा हात चुकला का आज?"

'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. तेल आबांनीच ओतलं होतं, बाईंच्या डोळ्यांसमोर. मी तर धावत आलेली गुणी मुलगी ठरले असते. वर इंजिनाचं पहिलं काम एकटीनं घाटात केलेली. आणि 'मी चुकले' म्हटलं तर या जन्मात वाईत कुणी माझ्या हातात इंजिन दिलं नसतं.

"आबांचा हात नाही चुकला, बाई. किटली चुकीची आहे हे मला माहीत होतं. मीच जाड म्हणून सांगितलं."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम. रागानं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांची ती नजर मला पाचवीपासून ठाऊक होती.

"मी या घाटात एकटी होते, वैजयंता."

"हो, बाई."

"हे आबांना सांगणार आहेस?"

"हो."

"आजच?"

"गेल्या गेल्या."

"मग मी कुणाला सांगायची गरज नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिला गिअर टाकून निघून गेल्या.

मी शेडमध्ये परतले तेव्हा उन्हं कलली होती. हणमंता गेला होता. आबा दारातल्या लोखंडी खुर्चीवर बसले होते, हाताला हळद लावून फडकं गुंडाळलेलं. त्यांनी माझ्या कॅरिअरवरच्या रिकाम्या किटलीकडं बघितलं.

"पोचल्या का बाई?"

"पोचल्या असतील आता. घाटात लाल दिवा लागला होता, त्यांनी लगेच बंद केली. इंजिनाला काही झालं नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. पुढं काही विचारीनात.

मी त्यांच्या पायांशी जमिनीवर बसले. "आबा, मी खोटं बोलले. ते पातळ होतं, मला कळलं होतं. हणमंताला जीप दिलीत म्हणून मी मुद्दाम जाड म्हटलं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"म्हंजी ते पातळच हुतं?"

"पातळच होतं, आबा. मारा मला."

आबांनी डोळे मिटले आणि खुर्चीला मान टेकली. मी थपडेची वाट बघत होते. पण त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला काही समजेना.

"धार पडली तवाच मला दिसलं, पातळ हाय," ते म्हणाले. "पर तू जाड म्हनालीस. म्हटलं, वैजूची चिमूट चुकायची न्हाय. बोटं तर गेलीच हुती माजी, आता डोळंबी गेलं. सकाळपासनं हितं तेच धरून बसलोय बग. आता हिला काय सांगायचं, म्हनून."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"वरीस झालं," आबा सांगायला लागले. "आदी मुंग्या आल्यागत व्हायचं, मग काय कळंनाच. डाक्टर म्हनला साखर हाय, आता बोटांत जीव परत यायचा न्हाय. जीप का दिली न्हाय म्हनतीस? टॅपेटची फट पातळ पोलादी पत्तीनं बघायची असती, ती पत्ती किती घासती ते बोटाला लागाय पायजे. तुला शिकवाय बसलो असतो तर पयल्या दिवशी उगडा पडलो असतो."

"मग मला का नाही सांगितलंत? मी काय परकी होते?"

"बापानं पोरीला कसं सांगायचं गं," ते म्हणाले, "की वरीसभर तुज्या बोटांवर जगतोय म्हनून?"

त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याचे एक वकील त्यांची जुनी ॲम्बॅसिडर घेऊन आले. चिमूट बघायची म्हणून सोबत मेहुण्यालाही आणलेलं. आबांनी डाव्या हातानं किटली धरली. मी बोट बुडवलं, चोळलं.

"जाड," मी म्हटलं.

वकिलांचे डोळे आबांच्या हाताकडं. आबांनी बोट बुडवलंच नाही. किटली माझ्या हातात दिली.

"मिस्त्री, तुम्ही नाही बघितलंत?" वकील म्हणाले.

"माज्या बोटांतनं जीव गेला, सायेब. वरीस झालं," आबा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "हितली चिमूट आता हिची. ती म्हनंल ते घालायचं. पटत नसंल तर फुडं लई ग्यारेजं हायती."

वकील मेहुण्याकडं बघायला लागले. मेहुणा माझ्याकडं. मग वकिलांनी मान डोलावली.

आज माझी पन्नाशी उलटली. तेल सीलबंद डब्यांत येतं, डब्यावर सगळं छापलेलं असतं, तरी मी चिमटीत चोळल्याशिवाय घालत नाही. लोक हसतात, हसू देत. मला आठवतं ते त्या सकाळचं. मी किटली तिरकी केली. आबा अगदी जवळ येऊन उभे राहिले, भाजलेला हात पाठीशी धरून, आणि इंजिनात पडणारी धार शेवटपर्यंत बघत राहिले.

"बरोबर," ते म्हणाले.